रोलरमागचा गोलंदाज

पनवेलमध्ये क्रिकेटचं वर्ष दसऱ्याला सुरू होतं. जून ते सप्टेंबर मैदान पावसाचं. कोकणातला पाऊस पडायला लागला की आधीच्या उन्हाळ्यात जीव ओतून बसवलेली विकेट आठवड्याभरात मऊ होते, तिच्यावर गवत माजतं आणि गुरं येऊन बसतात. मी इथल्या एका मैदानाचा माळी. वडीलही हेच काम करायचे. पाऊस उघडला की आधी जमीन तिरप्या नजरेने बघायची, पाणी कुठे साचून राहिलं ते हेरायचं, हरळी ठेवून बाकीचं गवत मुळासकट काढायचं आणि मग माती चाळायला बसायचं. खाडीकडची माती फुकट मिळते, पण ती खारी. तिच्यावर हरळी धरत नाही. चांगली चिकण माती लांबून आणावी लागते आणि तिच्या पैशांसाठी दरवर्षी चार जणांपुढे उभं राहावं लागतं.

माती पसरून झाली की खरं काम ओलीचं. रात्री पाणी मारायचं आणि पहाटे खिशातली चावी विकेटमध्ये टोचून बघायची. चावी सहज आत गेली तर रोलर लावायचा नाही, कारण ओली माती रोलरला चिकटते आणि पापुद्रे निघतात. चावी जराही शिरली नाही तरी रोलर फिरवण्यात अर्थ नाही. वरून चकाकी येते, आत काही बसत नाही. या दोन्हींच्या मधे काही तास असे येतात की माती दाब मानते. तेवढ्या वेळात जो फिरवला तो रोलर. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, सावकाश, न थांबता. मधेच थांबलात तर तिथे खळगा पडतो आणि तो महिनाभर दिसत राहतो. थंडीत खाडीवरून दव येतं, ते उजाडल्यावर जाड दोर ओढून झाडायचं. मग 22 यार्ड लांब आणि 10 फूट रुंद पट्टा, त्यावर लाकडी साचा ठेवून चुन्याने क्रीज आखायची.

हे सगळं इतक्या तपशिलाने सांगतो, कारण यातूनच चेंडूची समज येते. ज्याने पट्टा दाबला त्याला ठाऊक असतं की कुठल्या हातभर जागेत पाणी जास्त मुरलं, कुठे जुन्या मातीवर नवी माती नीट बसली नाही, दुपारनंतर भेग कुठून उघडेल. सामन्याआधी कॅप्टन येतो, अंगठ्याने दाबून बघतो आणि टॉसला जातो. त्याला जे पाच मिनिटांत ओळखायचं असतं, ते माळ्याच्या पायांना आधीच माहीत झालेलं असतं.

आणि माळ्याने नेटमध्ये बोलिंग टाकायची, ही आपल्याकडची फार जुनी रीत. बॅट्समनला सराव हवा, बोलर कंटाळतात किंवा ऑफिसातून उशिरा येतात, मग जाळी बांधणाऱ्या पोरालाच चेंडू देतात. तरुणपणी मीही रोज संध्याकाळी टाकायचो. मोठ्यांच्या बॅटवर चेंडू टाकत राहायचं, मारलेला आणायचा, पुन्हा टाकायचा. अंधार पडला की जाळी सोडायची.

बाळू पालवणकरांचं नाव मला याच मैदानावर कळलं. एक निवृत्त शिक्षक रोज फेरी मारायला यायचे. मला जाळी सोडताना बघून एकदा ते थांबले आणि म्हणाले, ‘‘तुमच्याच कामातला एक माणूस हिंदुस्थानचा पहिला मोठा गोलंदाज होता, माहीत आहे का?’’ मला माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं, मग वाचायला दिलं, आणि तेव्हापासून बाळू माझ्या कामात आहेत. बाळूंचे धाकटे भाऊ विठ्ठल यांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहून ठेवलं आहे, 1948 सालचं. पुढे इतिहासकार रामचंद्र गुहांनी इंग्रजीत या भावांची कहाणी मोठ्या प्रेमाने मांडली. तरीही पनवेलच्या मैदानावर येणाऱ्या दहा मुलांना विचारलं तर एकालाही नाव सांगता येत नाही.

बाळूंचा जन्म 1876 सालचा, धारवाडचा, पण घराणं कोकणातलं. आडनावातच पालवण गाव आहे. जात चांभार. पुण्यात लष्कराच्या वस्तीत वाढताना गोऱ्या अंमलदारांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडूंवर ही भावंडं खेळायला शिकली. पहिली नोकरी पारशांच्या एका क्रिकेट क्लबात: पट्टा झाडायचा, रोलर फिरवायचा, महिना 3 रुपये. 1892 च्या सुमारास ते गोऱ्या साहेबांच्या क्लबात गेले. पगार 4 रुपये. काम तेच, जाळी बांधणं, विकेट दाबणं, रेषा आखणं आणि गरज पडेल तेव्हा टेनिसची कोर्टंही आखून देणं.

तिथे एका साहेबाने त्यांना नेटमध्ये बोलिंग टाकायला सांगितलं. डाव्या हाताची संथ फिरकी. मग कॅप्टन ग्रेग नावाचा क्लबातला सर्वांत तयार बॅट्समन इतरांच्या आधी तासभर येऊन एकट्या बाळूंना खेळू लागला. अशी गोष्ट सांगतात की बाळूंनी त्याला बाद केलं की दर वेळी तो आठ आणे द्यायचा. खरी असेल तर हिशोब सोपा आहे. आठ वेळा ग्रेगला बाद केलं की महिन्याचा पगार सुटला. ज्याचा महिन्याचा पगारच चार रुपये, त्याने अशा वेळी एक तरी चेंडू आळसाने टाकला असेल का?

मला मात्र त्या आठ आण्यांहून दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. सकाळी जो पट्टा त्यांनी दाबला, त्याच पट्ट्यावर संध्याकाळी ते चेंडू टाकत होते. पुस्तकांमध्ये त्यांच्या दिशेबद्दल, टप्प्याबद्दल आणि फिरकीतल्या फेरफारांबद्दल लिहिलेलं असतं. टप्पा इतका बिनचूक कसा, याचं उत्तर माझ्या मते रोलरच्या दांड्याशी आहे. त्या जमिनीचा एकेक हात त्यांनी पायाखालून घातला होता. ही माझी समजूत आहे, पण हे काम ज्याने केलं आहे तो ती खोटी म्हणणार नाही.

आणखी एक गोष्ट बाळूंनी पुढे आपल्या मुलाला सांगितली होती. त्या क्लबात शेकडो तास त्यांनी बोलिंग टाकली, पण एकदाही, एकदासुद्धा, कुणी त्यांच्या हातात बॅट दिली नाही. बॅटिंग साहेबांची, बोलिंग नोकराची.

पुण्यातल्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचं होतं. बाळूंना घ्यावं की नाही यावर क्लबात फूट पडली. काही सभासदांचा पाठिंबा होता, काहींचा ठाम विरोध. शेवटी विकेट हव्या होत्या म्हणून त्यांना घेतलं. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावत. चहाच्या सुट्टीत मात्र इतर जण पॅव्हेलियनमध्ये कपबशीने चहा घेत आणि बाळूंना बाहेर, मातीच्या फेकून द्यायच्या भांड्यात मिळे. जेवण वेगळ्या ताटात, वेगळं बसून. तोंड धुवायचं तर मैदानाच्या कोपऱ्यात, क्लबाचा अस्पृश्य मानलेला नोकर पाणी घालेल तेव्हा. चामड्याच्या धंद्यावरून ज्या जातीला दूर ठेवलं, त्या जातीच्या माणसाच्या हातून चामड्याचाच चेंडू घेऊन ही मंडळी जिंकत होती. हे वाचलं तेव्हा मला फार राग आला. आजही येतो.

मग साताऱ्याचा सामना. तिथल्या गोऱ्यांच्या जिमखान्याला बाळूंची कीर्ती कळली होती. त्यांनी माळ्याला आठवडाभर पट्टा दाबायला लावला, म्हणजे चेंडू वळणार नाही. बाळूंनी त्या पट्ट्यावर सात बळी घेतले. या प्रसंगावर मी फार विचार केला आहे. साताऱ्याच्या त्या माळ्याचं नाव कुठे नोंदलेलं नाही. आठवडाभर रोलर ओढून त्याने जो पट्टा बसवला, तो कसा बसला असेल हे समोरच्या संघात एकाच माणसाला पुरतं कळत होतं, कारण तो स्वतः रोलर ओढत आला होता. दाबलेल्या विकेटवर चेंडू वळत नाही हे खरं, पण तो सरळ आणि एकसारखा येतो. मग टप्पा आणि वेग यांत फेर करून फसवता येतं. त्या दिवशी नेमकं काय केलं ते बाळूंनाच ठाऊक. निकाल मात्र नोंदलेला आहे. पुण्यात सत्कार झाला. न्यायमूर्ती रानड्यांनी हिंदू खेळाडूंना सुनावलं की ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर बसून खायला-प्यायला काय हरकत? टिळकांनी दुसऱ्या एका समारंभात बाळूंच्या गळ्यात हार घातला. हळूहळू चहाची ती भांडी बंद झाली.

जमिनीचा आणि गोलंदाजाचा हा संबंध फक्त क्रिकेटात आहे असं मला वाटायचं. मग कळलं की अमेरिकेत बेसबॉलमध्ये चेंडू फेकणारा जो पिचर, तो मातीच्या उंचवट्यावर उभा राहतो आणि तो उंचवटा मैदानाचा माळी घडवतो. 1968 साली तिकडे पिचर इतके भारी पडले की बॅट्समनच्या धावाच आटल्या. तेव्हा 1969 पासून नियम करून उंचवटा 15 इंचांवरून 10 इंचांवर आणला. पाच इंच माती काढली आणि खेळ बदलला. साताऱ्यात रोलरने जे करू पाहिलं, तेच तिकडे फावड्याने केलं. हे मी आमच्या नेटवरच्या मुलांना सांगतो तेव्हा ती पायाखाली बघायला लागतात. मला तेवढंच हवं असतं.

बाळूंची पुढची वाटचाल थोडक्यात सांगतो. पुण्यात प्लेग आल्यानंतर ते मुंबईला आले, पुढे रेल्वेत लागले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी 1906 मध्ये मुंबईत हिंदू आणि युरोपियन यांचा सामना झाला. हिंदूंच्या 242 आणि 160 धावा, युरोपियनांच्या 191 आणि 102. हिंदू 109 धावांनी जिंकले. संघात बाळू होते, धाकटे भाऊ शिवरामही होते. 1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. जिंकण्यापेक्षा हरला जास्त, पण बाळूंनी सगळ्या सामन्यांत मिळून 114 बळी घेतले, सरासरी 18.84. तेव्हा त्यांचं वय पस्तिशीचं होतं. परत आल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा जाहीर सत्कार केला.

हिंदू संघाचं कप्तानपद मात्र कधीच मिळालं नाही. वय, अनुभव, बळी, सगळं त्यांच्या बाजूने असूनही दरवर्षी उच्च जातीचा कुणीतरी पुढे केला जाई. 1920 साली हिंदू, युरोपियन, पारशी आणि मुसलमान यांच्या चौरंगी स्पर्धेच्या वेळी बाळूंना संघातूनच वगळलं. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या भावांनी निषेध म्हणून संघ सोडला. अंतिम सामन्यासाठी सगळ्यांना परत बोलवावं लागलं, बाळूंना उपकप्तान करावं लागलं, आणि कप्तान मैदानाबाहेर गेला तेवढा वेळ संघ त्यांनी चालवला. तीन वर्षांनी, 1923 मध्ये, विठ्ठल हिंदू संघाचे कप्तान झाले आणि त्यांच्या हाताखाली हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली. पुढे बाळू राजकारणात गेले. 1932 च्या पुणे कराराच्या वेळी ते होते, आणि 1937 च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसतर्फे थेट डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहून थोडक्या मतांनी हरले. त्या राजकारणाबद्दल मला बोलायचं नाही, ज्यांचा अभ्यास आहे त्यांनी बोलावं. 1955 साली बाळू गेले.

आता आमच्या नेटवरचा एक मुलगा. नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही. नवी मुंबई विमानतळासाठी ज्या गावांच्या जमिनी गेल्या त्यांतल्या एका गावचा, आगरी घरातला. वडिलांची भातशेती होती. भात कापलं की त्याच शेतात धस काढून, पाणी मारून, गावची पोरं टेनिस बॉलच्या सामन्यांचा पट्टा करायची. पनवेल-उरण भागात हे सामने म्हणजे दुसरी जत्रा. रात्रभर फ्लडलाइट, लाउडस्पीकरवर समालोचन, पहिल्या बक्षिसाला कधी मोटरसायकल. पट्टा करणं तो तिथेच शिकला, वडिलांबरोबर. आता तो कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या एका गोदामात हिशोब लिहितो आणि संध्याकाळी माझ्याकडे येऊन रोलर ओढतो, जाळी बांधतो, बोलिंग टाकतो.

अंगाने बुटका, वेग अगदी कमी. टेनिस बॉलच्या सामन्यात असा बोलर कुणी घेत नाही. तिथे वेग लागतो, नाहीतर चेंडू शेताबाहेर. एका सामन्यात त्यांच्या गावचा एक बोलर ऐन वेळी आला नाही, म्हणून याला घेतलं. त्याने चेंडू हळू आणि इतका आखूड टाकला की तो बॅटवर येईचना. मारायला गेलेले एकामागून एक झेल देत गेले. ते शेत कुठे ओलं आहे आणि कुठे वाळलं आहे ते त्याने दुपारी अनवाणी चालून बघून ठेवलं होतं, आणि हे त्याच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. त्या रात्रीपासून गावात त्याला ओळख आहे. लग्नात पंगतीला बसला की लोक दाखवतात, ‘‘हा तोच.’’ आजूबाजूच्या गावांतून त्याला सामन्यासाठी बोलावणं येतं. समालोचक त्याचं नाव पुकारतो तेव्हा बाया-माणसंसुद्धा कट्ट्यावर उभी राहतात. मी स्वतः बघायला गेलो होतो. मला फार आनंद झाला.

तरी आमच्या नेटमध्ये तो फक्त बोलिंगच टाकत होता. एका संध्याकाळी जाळी सोडताना त्याने विचारलं, ‘‘काका, मना बॅटिंग कवा भेटंल?’’

मला बाळू आठवले. दुसऱ्या दिवशी मी कोच सरांशी बोललो. बाळूंची सगळी गोष्ट सांगितली, शेकडो तास आणि एकदाही बॅट नाही, हेही सांगितलं. सर तरुण आहेत, मन लावून ऐकतात. त्यांनी लगेच ठरवलं की शेवटची पंधरा मिनिटं नेटमध्ये बोलिंग टाकणाऱ्या मुलांची, आणि त्या वेळात बोलिंग टाकायची ती मोठ्या बॅट्समननी. पहिल्या आठवड्यात कुरकुर झाली. एक जण म्हणाला, आम्ही फी भरतो. सर म्हणाले, फी तुमच्या बोलरची नाही, मैदानाची आहे. तेव्हापासून ते सुरू आहे. मुलांची बोलिंगही सुधारली, कारण बॅट धरल्यावर कळतं की कुठला चेंडू नको वाटतो.

उशिरा संधी मिळालेला आजच्या काळातला गोलंदाज म्हणजे प्रवीण तांबे. ते वर्षानुवर्षं मुंबईच्या क्लब आणि कंपन्यांच्या क्रिकेटमध्ये घाम गाळत राहिले. रणजीचा एकही सामना पदरी नसताना 2013 मध्ये वयाच्या 41 व्या वर्षी राजस्थान रॉयल्सने त्यांना आयपीएलमध्ये खेळवलं, आणि पुढच्याच वर्षी अहमदाबादला कोलकात्याविरुद्ध त्यांनी हॅट्‌ट्रिक घेतली. 2022 साली त्यांच्यावर सिनेमा आला, श्रेयस तळपदेने भूमिका केली. आमची मुलं तो सिनेमा पाठ म्हणून दाखवतात. मी त्यांना सांगतो, तांबे पाहा, जरूर पाहा, पण त्यांच्या शंभर वर्षं आधी, रोलर ओढणाऱ्या एका माणसाने ही वाट पाडली आहे, तेही ओळखा. तांब्यांना इतक्या उशिरा का होईना, बघणारा कुणी भेटला. बाळूंना लोक बघत होते, टाळ्या वाजवत होते, आणि तरी बाहेर बसवत होते.

मुलाचं पुढे काय, हे अजून चाललं आहे. शहरातल्या एका क्लबाने त्याला लेदर बॉलवर खेळायला विचारलं आहे. टेनिस बॉलवरची त्याची आखूड बोलिंग लेदरवर चालणार नाही, टप्पा पुढे आणावा लागेल. आम्ही त्यावर काम करतो आहोत. सकाळी सहाला तो येतो, मी विकेटवर रुमालाएवढी जागा चुन्याने आखून देतो आणि तो तिथे चेंडू टाकत राहतो. अडचण वेगळीच आहे. सामने शनिवारी असतात आणि शनिवारी लोखंड बाजारात माल भरायची गर्दी असते. पगार कापला तर घरी अडेल. परवा मी त्याच्या शेठला जाऊन भेटलो. शेठ क्रिकेट बघत नाहीत. बराच वेळ त्यांनी वह्या तपासल्या, चहा मागवला, मला दिला, स्वतः घेतला. मग म्हणाले, ‘‘सामना कधी आहे ते आदल्या सोमवारी कळवायचं. त्या दिवशी मी त्याचा भाऊ बसवीन.’’